सतरा नंबरची वस्ती

२ ऑक्टोबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

मी पोचले, खोली मिळाली, वेळेवर जेवते, स्वेटर घालते. एवढं आईला वाचून दाखव आणि पुढचं पत्र तिच्या हाती देऊ नकोस. फोनवर तुझ्याशी बोलायला गेलं की आई फोन स्पीकरवर टाकते, आणि मग आपण तिघी मिळून हवापाण्यावर बोलतो. तेव्हा तू म्हणालीस तेच खरं, पत्रच बरं. पोचायला दहा दिवस लागतात, पण मधे कोणी बोलत नाही.

‘आंतरराष्ट्रीय विकास’ या विषयात एम.ए. करतेय असं सांगितलं की लोक ‘वा’ म्हणतात आणि विषय बदलतात. आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र निघताना विचारलं होतं, “म्हणजे नक्की कोणाचा विकास?” त्याचं उत्तर इथेही अजून कोणी दिलेलं नाही. वर्गात आम्ही सव्वीस जण आहोत. तासाला ‘लोकसहभाग’ हा शब्द निदान दहादा येतो, आणि जो तो उच्चारतो तो दुसऱ्याला बोलू देत नाही. मागच्या आठवड्यात गरिबी मोजायची एक यादी शिकवली, नऊ प्रश्नांची. मी गंमत म्हणून ती माझ्याच खोलीला लावली. छत गळतं, संडास सामाईक, खिडकी एकच, शेगडी शेजारणीबरोबर वाटून घेतलेली. नवांपैकी पाचांत मी नापास. म्हणजे शास्त्रानुसार मी गरीब आहे. आमच्या मॅडम म्हणाल्या, यादी बरोबर आहे, तू तात्पुरती आहेस.

या मॅडमबद्दल सांगायचंच राहिलं. त्यांच्याकडे दोन चष्मे असतात, एक नाकावर आणि एक डोक्यावर, आणि त्या सतत तिसरा शोधत असतात. त्यांनी आम्हाला प्रबंधासाठी जुन्या पाहण्यांचे कागद चाळायला दिले. त्यात एक हातपंपांची पाहणी निघाली. साठ वस्त्या, तीन वर्षं, दर पंधरा दिवसांनी एक फॉर्म. कॉम्प्युटरवर फॉर्मच्या प्रती बघता बघता मी एका पानावर थांबले. ‘पाहणीकार क्रमांक ७’ अशी सही, आणि सातच्या शेपटाला ती वेलांटी. मावशी, ती वेलांटी मी माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या पाकिटावर बघितली आहे.

तूच ना ती? तू फॉर्म भरायच्या नोकरीवर होतीस एवढंच मला माहीत होतं. इतक्या दूर येऊन तुझंच अक्षर भेटलं, आणि मला इतका आनंद झाला की शेजारणीला वाटलं माझं लग्न ठरलं. आता सगळं लिही. काहीही गाळू नकोस.

तुझी,
भिंगरी

•

१४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. स्वेटरचा भाग ताईला मोठ्याने वाचून दाखवला. उरलेल्या पानांत काय आहे विचारत होती, मी म्हटलं अभ्यास. लगेच गेली.

हो, सात नंबर मीच. पण अगं, त्याला आता अकरा वर्षं झाली. मला काही आठवत नाही. सहा वस्त्या माझ्याकडे होत्या एवढं आठवतं. अकरा नंबरला एक कुत्रा होता, तो फक्त फॉर्म दिसला की भुंकायचा. बावीस नंबरला एक म्हाताऱ्या आजी प्रत्येक वेळी मला नव्याने ओळख विचारायच्या आणि शेवटी ‘सावकाश जा’ म्हणायच्या. तेराला रस्त्यात ओढा लागायचा, मी चपला हातात घेऊन जायची. चाळिसाव्यातल्या शाळेच्या घड्याळात कायम सव्वातीन वाजलेले. एक्केचाळीसला काहीच नव्हतं, पण वारा छान यायचा. बाकी काही आठवत नाही.

आणि हातपंप हा काय विषय झाला? लोखंडाचा दांडा, वर-खाली करायचा, पाणी येतं किंवा येत नाही. त्यावर शंभर पानं काय लिहिणार? तू शाळांवर लिही. मुली शाळा का सोडतात, किती महत्त्वाचा विषय आहे. शिवाय पंपाच्या आकड्यांना कोणी विचारत नाही, शाळेच्या आकड्यांना सगळे विचारतात. माझं ऐक.

छत गळतं त्याखाली बादली ठेव. विकास आधी स्वतःपासून.

तुझी,
मावशी

•

२९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी खूप हसले. काही आठवत नाही म्हणतेस आणि कुत्र्याचा स्वभावसुद्धा सांगतेस. फक्त एक गंमत झाली. तुझ्या सहा वस्त्यांपैकी पाचांचं वर्णन केलंस, आणि मला हवी ती नेमकी सहावी.

विषय पक्का झालाय. मॅडमनी होकार दिला. आता नीट ऐक, कारण तुला त्या वेळी हे कोणी समजावलं होतं की नाही कोण जाणे. साठपैकी तीस वस्त्यांत संस्थेने मेकॅनिक पाठवले. उरलेल्या तीस ‘नुसत्या बघायच्या’ वस्त्या. तिथे काहीच करायचं नाही, म्हणजे मेकॅनिकने फरक पडतो की नाही ते कळतं. तुझ्या सहाही नुसत्या बघायच्या होत्या. अशा वस्त्यांत पंप वर्षाला सरासरी पन्नास दिवस बंद असायचा. सतरा नंबरच्या वस्तीत मात्र तीन वर्षांत मिळून फक्त नऊ दिवस. मेकॅनिक असलेल्या वस्त्यांपेक्षाही कमी.

आणि ‘दुरुस्ती कोणी केली?’ या प्रश्नापुढे प्रत्येक वेळी तुझी खूण एकाच चौकोनात आहे: गावकरी.

मावशी, तुला कळतंय का? कोणी शिकवलं नाही, कोणी पाठवलं नाही, त्या लोकांनी आपलं आपण केलं. मॅडम म्हणतात हे कोडं अजून कोणी सोडवलेलं नाही. त्यांनी उत्साहाच्या भरात दोन्ही चष्मे एकदम नाकावर लावले. प्रबंधाचं नाव ठरलं, ‘बाहेरच्या मदतीवाचून’.

आता आठव. तिथे पुढारी कोण होतं? बैठका व्हायच्या का? पाळ्या लावल्या होत्या का? आणि एक विचारू, रागावू नकोस. तुझे बाकी फॉर्म इतके स्वच्छ, मग सतराचेच एवढे कळकट का? खालच्या कोपऱ्यात काळे डाग आहेत. मी आधी माझ्या कॉम्प्युटरची काच दोनदा पुसली.

तुझी,
भिंगरी

•

१२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रस्ता कच्चा होता, धूळ असेल.

पुढारी वगैरे मला माहीत नाही. मी फॉर्म भरायला जायची, पंचायत करायला नाही. बैठका झाल्या असतील तर माझ्या मागे झाल्या.

माझं अजून म्हणणं आहे की विषय बदल. एका वस्तीवरून एवढी मोठी गोष्ट म्हणू नये. आणि सगळ्यात पुढे कशाला धावायचं? आपल्या घरात कधी कोणी पहिलं आलं नाही, त्याने काही अडलं का? साधा विषय घे, साधं पास हो, घरी ये.

ताई बरी आहे. मला जरा सर्दी आहे म्हणून पत्र लहान.

तुझी,
मावशी

•

२६ नोव्हेंबर

ती. मावशीस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वाईट वाटलं.

मी दहावीला नापास होणार असं सगळे म्हणत होते तेव्हा तू माझ्याबरोबर पहाटे उठून बसायचीस. इथे यायचा अर्ज तू भरून घेतलास, चार वेळा, कारण मी तीन वेळा चुकले. आणि आता मला पहिल्यांदाच काहीतरी असं सापडलंय जे दुसऱ्या कोणाला सापडलं नाही, तर तू म्हणतेस कशाला पुढे धावायचं. तुला वाटतं ना, मला हे झेपणार नाही? तसं असेल तर सरळ लिही. सर्दीच्या मागे लपू नकोस.

शिवाय हे आता माझ्या एकटीचं राहिलेलं नाही. एक मोठी संस्था आहे, तिचे मेकॅनिक सध्या चारशे वस्त्यांत फिरतात. ते चालू ठेवायचे की बंद करायचे हे मार्चमध्ये ठरणार आहे. मॅडम त्या बैठकीत सतरा नंबरची वस्ती मांडणार आहेत. लोक आपलं आपण करू शकतात तर मेकॅनिक कशाला, असं ते म्हणतील बहुतेक. मॅडम म्हणाल्या, मांडणी नीट झाली तर मला तिथे नोकरीही मिळेल. मी त्यांना सांगून टाकलंय की पाहणीकार क्रमांक सात माझी मावशी आहे आणि तिच्याइतकं नेकीने काम कोणी करत नाही.

तू अभिमानाने दोन ओळी लिहाव्यास एवढीच इच्छा होती.

भिंगरी

•

८ डिसेंबर

चि. भिंगरीस,

हे पत्र खुर्चीवर बसून वाच, आणि शेगडीवर काही ठेवलं असेल तर आधी उतरव.

सतरा नंबरचा पंप मी दुरुस्त करत होते.

आता सविस्तर लिहिते. कामावर घेताना आम्हा दहा जणींची एका कागदावर सही घेतली होती. ‘पाहणीच्या जागी मी कशालाही हात लावणार नाही, सल्ला देणार नाही, मदत करणार नाही.’ साहेबांनी छान समजावलं होतं. तापमापकाने ताप बघायचा असतो, उतरवायचा नसतो. तेव्हा नुसतं बघायची वस्ती म्हणजे काय हे मला तुझ्या मॅडमच्या आधीपासून माहीत आहे. आणि मला ते पटलंही होतं. पाच वस्त्यांत मी काडीला हात लावला नाही. बायका म्हणायच्या, “बाई, पंप बंद आहे हो.” मी विचारायची, “किती दिवस?” आणि लिहून घ्यायची. घरी आल्यावर पाणी पिताना जड जायचं, पण लिहून घ्यायची.

सतराला अडचण बसची होती. सकाळी साडेनऊला बस मला तिथे सोडायची आणि दुपारी अडीचला न्यायची. फॉर्मला लागायची वीस मिनिटं. उरलेला वेळ मी पंपाच्या ओट्यावर बसून असायची, कारण सावली तिथेच होती. पहिले दोन महिने नुसती बसले. पंपाचा दांडा दर फेरीला कण्हायचा. तू तुझ्या आजोबांना बघितलं नाहीस, पण मी आणि ताई त्यांच्या सायकलच्या दुकानात लहानाच्या मोठ्या झालो. ताईने तिथे हिशेब शिकला आणि मी पाना धरायला. ढिला नट दिसला की माझ्या बोटांना कंड सुटते. तिसऱ्या महिन्यात मी पर्समधून पाना काढला आणि तो एक बोल्ट आवळला. पर्समध्ये पाना का होता ते विचारू नकोस.

एकदा हात लावला की संपलंच. मग पुढच्या खेपेला ग्रीसची डबी. मग दांड्याची पिन. मग आतला चामड्याचा वॉशर, त्यासाठी पाइपातला गज वर ओढावा लागतो, तो एकटीने येत नाही, म्हणून चार बायका. मी आजूबाजूला बघून, पदर खोचून, चोरासारखं करायची. समोरच्या घरात एक बाई राहायची, सगळे तिला मिरची म्हणायचे, आणि ते नाव ठेवणारा माणूस समजदार होता. ती दारात उभी राहून म्हणायची, “फॉर्मबाई, लिहायचं सोडून हे काय चाललंय? आणि बोल्ट उलटा लावताय.” मी आयुष्यात कधी बोल्ट उलटा लावलेला नाही.

आता राहिली ती खूण. ‘दुरुस्ती कोणी केली?’ यापुढे तीन चौकोन होते. मेकॅनिक, गावकरी, कोणीच नाही. फॉर्मबाईचा चौकोन नव्हता. मेकॅनिक लिहावं तर इथे मेकॅनिक आला कुठून म्हणून चौकशी. कोणीच नाही लिहावं तर पंप चालतो कसा? म्हणून गावकरी. तीन वर्षं मी ती खूण केली आणि दर वेळी वाटलं, कोण बघतंय. एवढ्या वर्षांनी माझीच भाची भिंग लावून बघेल हे मला कुठल्या ज्योतिषाने सांगितलं नव्हतं. ते डाग ग्रीसचे आहेत. माझ्या अंगठ्याचे.

मी तुला विषय बदलायला सांगत होते ते तुला झेपणार नाही म्हणून नाही. तू हे शोधून काढशील याची मला खात्री होती, म्हणून. झाकली मूठ झाकलेलीच राहावी असं वाटत होतं. पण माझ्या एका खोट्या खुणेपायी चारशे वस्त्यांचे मेकॅनिक घरी बसणार असतील तर मला गप्प बसता येत नाही. तुझा विषय पक्का झाल्यापासून मी नीट जेवलेले नाही, आणि ताई म्हणते माझं वजन कमी झालं हे चांगलंच झालं.

मॅडमना सांग. माझं नाव घालून सांग. तुझा प्रबंध माझ्यामुळे पाण्यात गेला याचं मला फार वाईट वाटतं, भिंगरी. नेकीचं म्हणालीस ते वाक्य मात्र परत घे.

तुझी,
मावशी

•

२० डिसेंबर

मावशी,

पत्र मिळालं. मला राग आला आहे. गेला की लिहीन.

आईला सांग, स्वेटर घालते.

भिंगरी

•

११ जानेवारी

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

राग गेला. पूर्ण नाही, पण पत्र लिहिण्याइतका गेला.

पहिला आठवडा मी तुझ्यावर चिडले होते. दुसरा आठवडा स्वतःवर. दोन महिने मी ‘बाहेरच्या मदतीवाचून’ म्हणून गोडवे गात होते आणि ती बाहेरची मदत मला पत्र लिहून बादली ठेवायला सांगत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीला सगळं सांगितलं. ती इथे यायच्या आधी नर्स होती. ती म्हणाली, “पलंगाची खडखडणारी कड मी रोज आवळायची, त्याची नोंद कोणत्या कागदावर आहे?” आणि आम्ही दोघी खूप वेळ हसलो.

मग मॅडमकडे गेले. वाटलं होतं त्या रागावतील, नाहीतर म्हणतील, गप्प बस, कोणाला कळतंय. त्यांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. आणि काय विचारलं असेल? “किती वेळा?”

मी म्हटलं, मावशीने लिहून ठेवलेलं नाही. त्या म्हणाल्या, “अंगठा ठेवलाय ना.”

मावशी, मी सतराचे बहात्तर फॉर्म एकेक करून बघितले. एक्कावन्न फॉर्मवर डाग आहे. आणि तिसऱ्या वर्षी सलग तीन फॉर्म स्वच्छ आहेत, त्यांवर सही दुसऱ्याच पाहणीकाराची. तू आजारी होतीस का? कारण पंप बंद असण्याच्या नऊ दिवसांपैकी सात तेव्हाचे आहेत. स्वच्छ फॉर्मपेक्षा तुझा कळकट फॉर्म जास्त खरं बोलतो. आता प्रबंधाचं नाव बदललंय: ‘पंधरा दिवसांतून एकदा’. मेकॅनिकने फरक पडतो हे आता तुझ्याच अंगठ्यांवरून सिद्ध होतंय. मॅडम बैठकीत तेच सांगतील. नोकरीचं आता कोणी बोलत नाही, पण मीही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे नाही. पाहणी संपली, तू जायची थांबलीस. त्यानंतर पंपाचं काय झालं? एकही कागद नाही. बैठकीत हा प्रश्न येणारच. तिथे जाऊन फक्त विचारून यायचं आहे. आणि घडलेलं सगळं एका कागदावर लिहून सही करून पाठवायचं आहे. सात नंबर म्हणून नाही, तुझ्या नावाने.

जाशील ना? तू तिथे पुन्हा कधी गेली नाहीस, हे तुझ्या पत्रात लिहिलेलं नाही, पण मला ते दिसलं.

तुझी,
भिंगरी

•

३० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गेले होते. सहीचा कागद सोबत जोडला आहे.

तू बरोबर ओळखलंस, अकरा वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. पाहणीचा शेवटचा फॉर्म भरला तेव्हा निरोपसुद्धा घेतला नाही. काय सांगणार होते? आता मी येणार नाही, पंप तुमचा तुम्ही बघा? मी परत गेले नाही तोवर तो पंप माझ्या मनात चालू होता. जाऊन बघितला आणि गंजलेला दिसला तर? मी त्यांना माझी सवय लावली आणि निघून आले, हे मला कोणी सांगायला नको होतं.

आता तिथे दर तासाला बस आहे. तेव्हा असती तर तुझा पहिला प्रबंध वाचला असता.

उतरले तर समोर मिरची. केस पांढरे झाले आहेत, जीभ तशीच आहे. मला बघून म्हणाली, “फॉर्मबाई, फार उशीर केलात. आम्ही दोन महिने वाट बघितली.”

मी ओट्यावर बसले आणि तिला विचारलं, आणि या वेळी तिने सांगितलं ते तसंच लिहून घेतलं. माझ्यामागे तीन महिन्यांत पंप बंद पडला. दोन महिने बंद होता. बायका ओढ्यावरून पाणी आणत होत्या आणि प्रत्येक खेपेला मला शिव्या देत होत्या. त्या शिव्याही तिने सांगितल्या, त्या मी लिहिलेल्या नाहीत. मग एके दिवशी मिरचीने हंडा खाली आपटला, शेजारच्या तिघींना बोलावलं, आणि पंप उघडला. पहिल्यांदा पिन चुकली. दुसऱ्यांदा एक नट आत पडला, तो अजून आतच आहे. तिसऱ्यांदा पाणी आलं. त्यानंतर वर्षातून चार-पाच दिवस बंद असतो, फार तर आठवडा. पाळ्या नाहीत, बैठका नाहीत. मिरची ओरडते आणि लोक येतात.

मी म्हटलं, “पण तुम्हाला मी कधी शिकवलं नव्हतं.”

ती म्हणाली, “शिकवलं असतंत तर आम्ही कशाला बघितलं असतं? तुम्ही लपवत होतात. लपवता म्हणून तर अख्खी वस्ती दारामागून बघायची. तुम्ही कुठला बोल्ट कुठल्या खिशात ठेवता तेसुद्धा आम्हाला पाठ होतं.”

बोलता बोलता दांड्याजवळचा एक नट मला ढिला दिसला. माझा हात पुढे गेला. मिरचीने हातावर चापट मारली. म्हणाली, “तो तसाच ठेवतो आम्ही. आवळला की दांडा जड जातो.” भिंगरी, तीन वर्षं मी तो नट आवळत होते. म्हणजे तीन वर्षं मी त्यांचा दांडा जड करत होते.

मला आधी वाटायचं की तो पंप मी वाचवला. मग अकरा वर्षं वाटत राहिलं की तो मी मारला. दोन्ही खोटं निघालं, आणि मला इतकं हलकं वाटलं की येताना बसमध्ये मी रडले. शेजारच्या माणसाने काही न विचारता खिडकी उघडून दिली.

ताईला सगळं सांगितलं. तिला राग नाही आला. म्हणाली, “बाबांची लेक तू. मला वाटलं होतं तू तिथे काहीतरी चोरलंयस.”

तुझी,
मावशी

•

२० जून

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पास झाले. पहिली आले नाही, मधली आले. परीक्षकांनी शेरा लिहिला, ‘काम प्रामाणिक, मांडणी विस्कळीत.’ शेजारीण म्हणते हे वाक्य माझ्या खोलीलाही लागू आहे.

मार्चच्या बैठकीचं मी फोनवर सांगितलं होतं, पण आई मधे होती, म्हणून पुन्हा लिहिते. मॅडमनी तुझा कागद जसाच्या तसा वाचून दाखवला, सायकलच्या दुकानापासून मिरचीच्या चापटीपर्यंत. संस्थेच्या एका वयस्क अधिकाऱ्यांनी तो कागद मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाले, “आमच्या जुन्या पाहण्यांतही अशा मावश्या निघतील.” मेकॅनिक बंद झाले नाहीत. उलट त्यांना एक नवी सूचना गेली आहे: पंप भर वस्तीत उघडायचा, आणि गज ओढायला निदान दोन बायका वस्तीतल्याच घ्यायच्या. ‘दारामागून बघू देण्यापेक्षा समोर बसवा’ असं मॅडम म्हणाल्या. ते शहाणपण त्यांचं नाही, मिरचीचं आहे, पण नोंद मॅडमच्या नावाने झाली.

ती मोठी नोकरी दुसऱ्याला मिळाली. मला एका लहान संस्थेत एका वर्षाचं काम मिळालंय. कसलं ओळख. ऐंशी वस्त्या, दर पंधरा दिवसांनी एक फॉर्म. या वेळी पंप नाहीत, दवाखाने आहेत. औषधं आहेत का, नर्स येते का, दार उघडतं का. माझ्याकडे सात वस्त्या आहेत, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी परतीची बस चार तासांनी आहे.

काल आम्हा बारा जणांना एका टेबलाभोवती बसवून कागद दिला. मजकूर तोच, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. कशालाही हात लावणार नाही, सल्ला देणार नाही, मदत करणार नाही. बाकीच्यांनी पटापट सह्या केल्या. मी पेन धरून बसले. तो नियम चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही, मावशी. तो नसता तर आकड्यांना काही अर्थच उरला नसता. पण दवाखान्याचं दार बिजागरीतून निखळलेलं दिसलं, बाहेर कोणी आजारी माणूस उभा असला, आणि माझ्या बसला चार तास असले, तर मी काय करेन हे मला आत्ताच माहीत आहे. आपल्या घरात ते कोणालाही माहीत असतं.

मी सही केली. आणि सहीच्या वर, माझ्या अक्षरात एक ओळ घातली: ‘आणि हात लावलाच, तर त्याच दिवशी, याच फॉर्मवर तसं लिहीन.’

कागद गोळा करणाऱ्या बाईंनी ती ओळ वाचली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचली. मग त्यांनी सहीच्या वरच्या जागेवर बोट ठेवत बाकीच्या अकरा जणांना त्यांचे कागद परत दिले.

तुझी,
भिंगरी